गेम शोमधल्या 'बूथ बेब्स': फूटपट्टी कपड्यांना लावली, पण दंड कोणाला बसला?

विदुला

मागच्या आठवड्यात इथे ई-थ्रीच्या जुन्या आठवणी चालल्या होत्या, त्यात कोणीतरी सहज लिहिलं की खरी मजा २००६ च्या आधी होती, तेव्हाच्या बूथ बेब्स आठवतात का, आणि खाली धडाधड स्मायल्या पडल्या. मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते वाढत गेलं म्हणून वेगळा धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ई-थ्री म्हणजे व्हिडिओ गेम्सचा अमेरिकेतला सगळ्यात मोठा शो, १९९५ ला सुरू झाला, बहुतेक वर्षं लॉस एंजेलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरायचा, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. मोठ्या कंपन्या साउथ आणि वेस्ट हॉलमध्ये, छोटे लोक खाली केंटिया हॉलमध्ये. आणि जवळपास प्रत्येक मोठ्या बूथसमोर तोकड्या कपड्यातल्या मुली, एजन्सीकडून तीन दिवसांसाठी आणलेल्या. त्यांचं काम एकच, उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर फोटो काढून घ्यायचे. याच मुलींना बूथ बेब्स म्हणायचे, शब्दच बघा ना.

मी पुण्याची, गेम्समध्ये लेव्हल डिझाइन करते, म्हणजे गेमचे टप्पे आखते, २००९ पासून कॅलिफोर्नियात. २०१२ च्या जूनमध्ये पहिल्यांदा बूथवर उभी राहिले. आमचा स्टुडिओ छोटा, पब्लिशरच्या, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या, मोठ्या बूथमध्ये आम्हाला चार स्टेशन्स मिळालेली. गेमची दुसरी लेव्हल पूर्ण माझी, सव्वा वर्ष त्यात घातलेलं. पब्लिशरने दोन मॉडेल्स आणलेल्या, चंदेरी घट्ट पोशाख, आमच्या गेममधल्या एकाही पात्राशी त्याचा संबंध नाही.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिघांनी मला फोटोसाठी विचारलं. अंगात स्टुडिओचा पोलो टीशर्ट, जीन्स, गळ्यात एक्झिबिटरचा बॅज, हातात कंट्रोलर. मग एका दुकानांच्या साखळीचा खरेदी बघणारा माणूस आला, कार्ड पुढे करून म्हणाला, बनवणाऱ्यांपैकी कोणी आहे का इथे? म्हटलं मीच. तो छान हसला आणि माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागला. मागे आमचा इंटर्न उभा होता, लागून दोन महिने झालेला. त्याच्याकडे गेला आणि वीस मिनिटं त्याच्याशी बोलला, माझ्या लेव्हलबद्दल!

त्या दिवशी मला राग आला तो त्या दोन मुलींचा. यांच्यामुळे माझ्याकडे असं बघतात, असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बूथच्या मागे पडद्याआड पाणी प्यायला गेले तर त्यातली एक कार्टनवर बसलेली, सँडल काढून. टाचेच्या मागे फोड फुटून चिकटपट्टीतून रक्त आलेलं, आणि ती त्यावर नवी पट्टी लावत होती, अगदी सवयीने, खाली न बघता. काँक्रीटवर पातळ गालिचा, चार इंची टाचा, दिवसाचे आठ तास. नर्सिंग शिकत होती, फी भरायला हे काम करायची. म्हणाली, काल मला बावीस जणांनी विचारलं गेम कशाबद्दल आहे आणि मला काहीच सांगता आलं नाही, कोणी सांगितलंच नाही, तू शिकवतेस का?

मी शिकवलं, अर्धा तास. पोरगी हुशार. दुपारी ती माझ्या शेजारच्या स्टेशनवर उभी राहून लोकांना सांगत होती की पुलापाशी डावीकडे वळा, तिथे लपायला जागा आहे. रांग लागली हो! लोक फोटो विसरून खेळायला लागले. तासाभराने पब्लिशरचा मार्केटिंगवाला आला आणि तिला म्हणाला, तू पुढे गालिच्यावर उभी राहा, बोलण्यासाठी आमच्याकडे माणसं आहेत.

ती गेली. जाताना सँडल हातात होती, ती पडद्यापाशी थांबून घातली.

तेव्हापासून माझं मत बदललं ते आजपर्यंत. इतकी वर्षं सगळी चर्चा कपड्यांवर झाली. २००६ ला ई-थ्रीने नियम कडक केला, उघडंवाघडं, बिकिनी वगैरे चालणार नाही, आधी तोंडी समज आणि मग ५००० डॉलर दंड. पुढच्या वर्षी शोच लहान झाला, सांता मोनिकाच्या हॉटेलांमध्ये गेला, आणि २००९ ला पुन्हा कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मोठा झाला तशा मुलीही परत आल्या, थोडं कापड वाढलेलं एवढंच. शांघायच्या चायनाजॉय या गेम शोने २०१५ ला तर सेंटिमीटरमध्ये मोजलं, गळ्याची फट २ सेंटिमीटरपेक्षा जास्त दिसली की ५००० युआन दंड. कल्पना करा, फूटपट्टी घेऊन कोणीतरी कुठल्यातरी मुलीसमोर उभं आहे.

पोशाख तिने निवडला नव्हता, शिवलाही नव्हता. तिला तो सकाळी पिशवीतून काढून दिला होता.

---

अभ्या_सातारा

धागा मनापासून लिहिलाय, पण मला काही पटलं नाही. काम आहे, पैसे मिळतात, कोणी जबरदस्ती केलेली नाही. २०१८ ला फॉर्म्युला वनने ग्रिड गर्ल्स, म्हणजे शर्यतीआधी गाड्यांपाशी उभ्या राहणाऱ्या मॉडेल्स, बंद केल्या, ३१ जानेवारीला जाहीर केलं आणि मार्चच्या ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीपासून लागू. त्याच जानेवारीत डार्ट्सवाल्यांनी खेळाडूंबरोबर चालत येणाऱ्या मुली बंद केल्या. आणि सगळ्यात जास्त चिडल्या कोण? त्याच मुली! आमच्या पोटावर पाय आणला, आम्हाला विचारलं का, असं टीव्हीवर येऊन सांगत होत्या. शांघायच्या ऑटो शोने २०१५ ला मॉडेल्स बंद केल्या तेव्हा काही मॉडेल्स भिकाऱ्याच्या वेशात रस्त्यावर उभ्या राहिल्या निषेध म्हणून. मग भलं कोणाचं झालं?

---

विदुला

अभ्या, तुमच्या उदाहरणांशी माझं भांडणच नाही. त्या मुली चिडल्या ते बरोबरच होतं. बंदी घालणाऱ्यांनी एक दिवस ठरवलं की हे आता वाईट दिसतं, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांना उभं केलं त्यांच्या खिशाला काहीच लागलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं.

पण 'जबरदस्ती नाही' एवढ्यावर मला थांबता येत नाही. तिला बोलायचं होतं आणि बोलू दिलं नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

---

कस्तुरी_म

इथे पहिल्यांदाच लिहितेय, बरीच वर्षं नुसती वाचत होते.

मी कॉलेजला असताना मुंबईत प्रमोटरचं काम केलंय, तीन वर्षं. गेम्सचं एकच, बाकी मोबाईल, टायर, टाइल्स, गाड्या. गाड्यांच्या प्रदर्शनात दिवसाचे चांगले मिळायचे, म्हणजे ऐकायला चांगले. त्यातून कोऑर्डिनेटरचा कट जायचा, उरलेले दीड-दोन महिन्यांनी, आणि विचारायला फोन केला की पुढच्या कामाला बोलावणार नाहीत ही भीती. आईला सांगितलं होतं रिसेप्शनचं काम आहे.

विदुलाताईंनी टाचेचं लिहिलंय ते वाचून पाय दुखायला लागले माझे. आम्ही सँडलमध्ये कापूस घालायचो. बसायला खुर्ची नसते, कारण बसलेली मुलगी फोटोत चांगली दिसत नाही म्हणे. बाथरूमला जायचं तरी कोऑर्डिनेटरला सांगून, आणि कोऑर्डिनेटर नेहमी पुरुष. एसी एवढा की हातावर काटा, आणि अंगावर बिनबाह्यांचा ड्रेस.

पण मला जास्त लागायचं ते वेगळंच. लोक फोटो काढताना खांद्यावर हात ठेवतात, मग कमरेवर. मी हात काढला की तो माणूस आधी माझ्याकडे नाही, स्टॉलवाल्याकडे बघायचा, तक्रार करावी तसं. आणि स्टॉलवाला मला डोळ्यांनी खुणावायचा, चालू दे. तक्रार करायची कोणाकडे? ज्याने ठेवलंय त्याच्याकडे?

कपडे तोकडे होते याची लाज मला तेव्हाही वाटली नाही, आत्ताही नाही. त्या खुणावण्याची चीड अजून आहे.

---

रानवारा

कस्तुरी, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. अजून लिहा.

---

सिएटलकर

मी पॅक्स या गेम शोला जवळपास दर वर्षी जातो, तिथला नियम मला बराच शहाणपणाचा वाटतो म्हणून सांगतो. पॅक्स २००४ ला सुरू झाला, पेनी आर्केड या वेब कॉमिकवाल्यांचा, आणि बूथ बेब्स नकोत हे त्यांचं धोरण. २०१० ला त्यांनी वाचकांना आणि खेळणाऱ्यांना विचारून ते नीट लिहून काढलं. नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखा. गेममधल्या पात्राचा हुबेहूब पोशाख असेल तर सूट मिळू शकते. आणि माझ्या आठवणीप्रमाणे त्यांचा भर यावर होता की बूथवरच्या माणसाला उत्पादनाची माहिती असली पाहिजे.

पण फूटपट्टी तिथेही आहेच. स्कर्ट गुडघ्याच्या वर ४ इंचांपेक्षा जास्त नको वगैरे. त्यातून २०१२ ला बॉस्टनच्या पॅक्स ईस्टमध्ये घोळ झाला. जेसिका निग्री नावाची प्रसिद्ध कॉस्प्लेअर, म्हणजे गेममधल्या पात्रांचे वेश करणारी, लॉलिपॉप चेनसॉ या गेमच्या प्रसिद्धीसाठी आलेली, त्याची नायिका चिअरलीडर आहे आणि पोशाख तसाच. आयोजकांनी तिला कपडे बदलायला सांगितलं. गेम बनवणाऱ्यांनी नायिकेला ते कपडे घातले, ते पोस्टर हॉलमध्ये लावून ठेवलं तर चालतं, जिवंत बाईने घातले तर तिला बाहेर काढतात. हे मला तेव्हाही खटकलं.

---

हर्षल_डी

माझ्याकडे २००५ च्या ई-थ्रीचे फोटो आहेत. एका दोस्ताच्या पासवर गेलो होतो, वय तेवीस. हा धागा वाचून काल रात्री जुनी हार्ड डिस्क काढली. एकशे चाळीस फोटो, त्यात गेम्सचे एकोणतीस. बाकी सगळे मुलींबरोबर.

एकीचंही नाव माहीत नाही, कोणाला विचारलंच नव्हतं. एका फोटोत माझा हात तिच्या कमरेवर आहे आणि तिचं अंग दुसऱ्या बाजूला कललेलं आहे, स्पष्ट दिसतंय. इतकी वर्षं मी तो फोटो 'मस्त' म्हणून दाखवत होतो. कस्तुरी यांचा प्रतिसाद वाचेपर्यंत मला ते कललेलं दिसलं नव्हतं. वाईट वाटतंय, खरंच.

आणि हे कंपन्याच शिकवत होत्या हेही सांगतो. २००९ च्या सॅन दिएगो कॉमिक-कॉनला ईए या गेम कंपनीने दांतेज इन्फर्नो या गेमसाठी स्पर्धा ठेवली होती, बूथवरच्या मुलींबरोबर 'वासनेचं कृत्य' करा, फोटो पाठवा, आणि जिंकणाऱ्याला दोन मुलींबरोबर जेवण. ओरड झाल्यावर माफी मागितली. पण हे कोणाच्यातरी मीटिंगमध्ये पास झालेलं ना! आणि स्पर्धा फक्त त्यांच्या मॉडेल्सपुरतीही नव्हती, शोमधली कुठलीही बूथ बेब चालणार होती. म्हणजे शेजारच्या बूथवरच्या मुलीला माहीतसुद्धा नाही की ती कोणाच्यातरी स्पर्धेचा भाग आहे.

---

नीरजा_वकील

अवांतर वाटेल, पण महाराष्ट्रात आपण हा सगळा खेळ एकदा मोठ्या प्रमाणावर बघितलाय. डान्सबार बंदी. २००५ ला कायदा झाला, साध्या बारमध्ये नाच बंद, पण तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट. २००६ ला मुंबई हायकोर्टाने रद्द केला, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं, आणि मुद्दा हाच की तोच नाच मोठ्या हॉटेलात सभ्य आणि छोट्या बारमध्ये अश्लील कसा? मग सरकारने परत कायदे केले, २०१९ ला पुन्हा सुप्रीम कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी उडवल्या. या चौदा वर्षांत त्या बायकांचं काय झालं, त्या कुठे गेल्या, हे विचारणारे फार थोडे. आयपीएलच्या पहिल्या वर्षी, २००८ ला, चिअरलीडर्सवरून आपल्याकडे पुन्हा तीच चर्चा, कपडे किती असावेत.

विदुला, तुमचा मुद्दा कायद्याच्या भाषेत सांगायचा तर, कपड्यांचा नियम हा शिष्टाचाराचा नियम आहे, आणि कस्तुरींनी जे सांगितलं तो कामगाराचा प्रश्न आहे. बसायला जागा, वेळेवर पैसे, तक्रारीची सोय. आपल्याकडे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा कंत्राटी आणि रोजंदारीवरच्या बाईलाही लागू आहे. तीन दिवसांच्या प्रदर्शनातली प्रमोटर त्यात येते. तिला हे कोणी सांगत नाही.

---

अभ्या_सातारा

नीरजाताई, हे मला माहीत नव्हतं. कस्तुरी, तुमचं वाचलं, दोनदा वाचलं. पैसे मिळतात हे मी फार पटकन लिहून मोकळा झालो.

तरी एक विचारतो, भांडायला नाही. कंपन्या हे करतात कारण धंद्याला उपयोग होतो, बरोबर? गर्दी जमते. मग नुसतं चांगुलपणाने कोण थांबेल?

---

सिएटलकर

उपयोग होतो हेच गृहीत धरलेलं आहे. जानेवारी २०१४ ला स्पेन्सर चेन नावाच्या मार्केटिंगवाल्याने टेकक्रंचवर लिहिलं होतं. त्याच्या कंपनीचे एकाच शोमध्ये दोन स्टॉल होते, एकावर मॉडेल्स, दुसऱ्यावर त्याच भागातल्या जरा वयस्कर, बोलक्या, शोच्या कामाची सवय असलेल्या बायका. मॉडेल्सच्या स्टॉलवर बोलणारे लोक दुसऱ्याच्या एक तृतीयांश, आणि पुढे संपर्क ठेवणारे निम्म्याहून कमी. एकाच कंपनीचा अनुभव आहे, सगळ्यांना लागू म्हणत नाही. पण कारण कळण्यासारखं आहे, ज्याला खरेदी करायची आहे तो माणूस बिचकतो, आणि फोटोवाला फोटो काढून जातो.

---

विदुला

अगदी अगदी. आमच्या रांगेचं तेच झालं होतं, ती बोलायला लागली तेव्हा रांग लागली.

अभ्या, आणखी एक. बायका गेम्समध्ये येत नाहीत, आल्या तर टिकत नाहीत, हे आमच्याकडे सतत बोललं जातं. ब्रेंडा रोमेरो १९८१ पासून या धंद्यात आहे, विझर्ड्री या जुन्या गेमच्या काळापासून, माझ्यासारख्यांनी तिच्याकडे बघून हे काम घेतलं. २०१२ च्याच ई-थ्रीबद्दल तिने उघड लिहिलं की या बूथ बेब्समुळे स्वतःच्याच क्षेत्रात अवघडल्यासारखं होतं. त्याच नोव्हेंबरात ट्विटरवर शेकडो बायकांनी एकेक कारण लिहिलं, गेम्समध्ये बायका कमी का. पुढच्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेच्या वेळी गेम डेव्हलपर्सच्याच संघटनेच्या पार्टीत तोकड्या कपड्यातल्या नर्तकी आणल्या, ब्रेंडाने संघटनेतलं पद सोडलं. २०१६ ला परत जीडीसीच्या वेळी एक्सबॉक्सच्या पार्टीत शाळकरी मुलींसारख्या गणवेशातल्या नर्तकी, तेव्हाचा एक्सबॉक्सप्रमुख फिल स्पेन्सरने माफी मागितली. त्याच दिवशी दुपारी त्याच कंपनीने गेम्समधल्या बायकांसाठी जेवण ठेवलं होतं. दुपारी या म्हणायचं आणि रात्री हे.

माझी एक मैत्रीण, उत्तम ॲनिमेटर, त्या वर्षीनंतर बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. अजून तिथेच आहे.

---

रोहन_कोथरूड

धागा अगदी वेळेवर वाचला. आमचा आठ जणांचा स्टुडिओ आहे, मोबाईल गेम्स. पुढच्या महिन्यात मुंबईत एका प्रदर्शनात पहिला स्टॉल. इव्हेंट एजन्सीने आपणहून कोटेशनमध्ये 'चार प्रमोटर, मुली, कॉस्च्यूम एजन्सीचा' असं घातलंय. माणसं तर हवीतच, आम्ही आठच्या आठ जण तीन दिवस उभे राहू शकत नाही. मग काय सांगू त्यांना? विदुलाताई, कस्तुरीताई, प्लीज नीट सांगा, मला खरंच कळत नाहीये.

---

कस्तुरी_म

रोहन, मुली ठेवा, काढू नका. त्या पैशावर कोणाचीतरी फी असते.

आधी स्टूल सांगा, उंच, म्हणजे बसूनसुद्धा लोकांशी बोलता येतं. चपटे बूट चालतील हे लिहून द्या, तोंडी सांगितलेलं एजन्सी पोचवत नाही. पैसे शेवटच्या दिवशी थेट त्यांच्या खात्यात जातील का विचारा, एजन्सी नाही म्हणेल, तरी विचारा. आणि तुमच्यातली एखादी बाई असेल तर तिचा नंबर त्यांना पहिल्याच दिवशी द्या, कोणी हात लावला तर फोन करायला. बाई नसेल तर तुम्ही स्वतः द्या, आणि फोन आला तर जाऊन त्या माणसाला स्टॉलवरून काढा. तिच्याकडे बघून खुणावू नका.

---

विदुला

कस्तुरीने सगळं सांगितलंच. माझं फक्त एवढंच, गेम त्यांना दोन दिवस आधी पाठवा, फोनवर खेळू दे. आणि स्टुडिओचा जो टीशर्ट तुम्ही घालणार तोच त्यांना. कोण बनवणारं आणि कोण भाड्याने आणलेलं हे लांबून कळता कामा नये. तुमच्या टीममध्ये मुली आहेत का?

---

रोहन_कोथरूड

दोघी आहेत. एक आर्टिस्ट, एक प्रोग्रॅमर. प्रोग्रॅमरला हा धागा पाठवला, ती म्हणाली फोन नंबर माझा दे.

एजन्सीशी बोललो. बूट आणि टीशर्टला हो म्हणाले, पैशाचं उद्या सांगतो म्हणाले, स्टूलचे वेगळे लावणार. चार सांगितलेत. गेमची लिंक त्या मुलींना थेट पाठवायला नंबर मागितले तर आधी देत नव्हते, आत्ता आलेत.

---

कस्तुरी_म

पैशाचं काय म्हणाले ते इथे कळवा. उद्या परत फोन करा, विसरतात ते.